कोपरीत परत गेलेला पापड

ठाण्याच्या कोपरीला गेलो ते पत्र्याच्या एका कपाटापायी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नोकरी सोडून मी वागळे इस्टेटमध्ये पत्राकामाचा गाळा घेतलेला, आणि दोन महिने एकही ऑर्डर नाही. अशात निरोप आला: फाळणीत कराचीहून आलेल्या सिंधी मोहिनीअम्मांना भर पावसातही पापड वाळतील असं गरम हवेचं कपाट हवंय.

रविवारी डोंबिवलीहून स्कूटर काढली. शिळफाट्यापर्यंत खड्डे, मुंब्र्यात ट्रकांची धूळ, कळव्याच्या पुलावर मात्र खाडीचा झकास वारा. तुम्ही गेलात तर सकाळी उपाशीच जा. कोपरीत उभ्या उभ्या दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक पुरी, हाणलं, तीन रुपयांत. तिसऱ्यांदा कांदा मागितला तर मालक म्हणाला, “साहेब, शेतच लिहून देऊ का?”

निर्वासितांच्या छावणीतल्या बरॅकीत एका पोळपाटावर सुरू झालेला अम्मांचा धंदा आता दोन खोल्या आणि गच्चीभर पसरला होता. मी टेकतो न टेकतो तोच भाजलेला पापड आणि पाणी पुढे आलं. मी सवयीने म्हटलं, “नको नको, कशाला!”

अम्मांनी ताटली उचलून आत नेली. मग त्या बाहेर आल्या. मी मापाचा टेप काढला, तर म्हणाल्या, “राहू दे. बघू नंतर,” आणि पुन्हा आत गेल्या.

मी टेप गुंडाळायला लागलो. पापड लाटणारी कोळीणबाई हसली. “अरं दादा, यांचा पापड परत धारलास म्हंजी काम पन नको, असा झाला ना!”

मी सरळ आतल्या दाराशी गेलो. “अम्मा, तो पापड द्या. आमच्यात तीनदा नको म्हणून मग घेतात.”

अम्मा खळखळून हसल्या. “मालूम है, पुट, बेटा. चाळीस वर्षं बघते तुमची नाटकं. पण कराची सोडताना आम्हाला ‘चलो’ एकदाच म्हणाले. नको म्हणणारे तिथेच राहिले.”

मी पापड खाल्ला, शेवटचा तुकडाही सोडला नाही. मग अम्मांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं.

घरी आलो तर बायको दारातच. “झालं?”

“झालं. ही बघ मापं.”

ते कपाट माझं पहिलं. पुढे बरीच केली. गाळ्यावर आलेल्याला आजही पापड-पाणी देतो, आणि नको म्हणाला तर तीनदा विचारतो. मला कुणी विचारलं, तर पहिल्या खेपेलाच हो म्हणतो.