वेल्डिंग कुणाचं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. सगळं जळगाव त्यांना आबा म्हणतं. जुनी गाडी घेणारे लोक ती आधी त्यांना दाखवतात. आबा साबणाने हात धुतात, गाडी पुरात बुडाली होती का हे कळावं म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचा वास घेतात आणि मोजकंच बोलतात.

मी बोदवडच्या एका व्यापाऱ्याची गाडी पसंत केली होती. तो आबांचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून निर्धास्त सोबत आला. मी मोबाइलवर गाडीचा रिपोर्ट दाखवला. 'अपघात नाही,' असं त्यात स्पष्ट होतं. आबांनी डिकीतली चटई उचलली, पत्र्यावरून बोट फिरवलं.

"भाऊ, गाडी मांगून ठोकायेल शे."

"मग रिपोर्ट खोटा आहे का?" व्यापारी उसळला.

"त्याले कोनी सांगंच नही. पन हाई वेल्डिंग मन्हं शे."

विम्याला न कळवता व्यापाऱ्याने ते काम आबांकडूनच करून घेतलं होतं. "आबा, ओळख तरी ठेवायची," तो पुटपुटला.

"काम मजबूत करेल शे," आबा ताठ मानेने म्हणाले, "लपवासाठी नही."

व्यापारी पुन्हा गॅरेजकडे फिरकला नाही. मी मात्र धुळ्याच्या पाहुण्यांना मुद्दाम सांगतो, आबा आमच्या गल्लीतले.