दीडकाकूंचे दोन कॅमेरे

फोटो काढताना तीनपर्यंत मोजायचं हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याला माणसाच्या चेहऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं दीडकाकूंचं ठाम मत होतं. तसं त्यांचं कुठलंच मत मऊ नव्हतं म्हणा. "एक" म्हटलं की माणूस सावध होतो, "दोन"ला पोट आत घेतो आणि "तीन"ला त्याचा पुतळा होतो. म्हणून काकू खणखणीत आवाजात "एक" म्हणायच्या आणि "दोन" तोंडातून बाहेर पडायच्या आत बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. बरोब्बर दीडला. समोरची माणसं अजून एकमेकांशी बोलत, हसत असायची, आणि काकूंच्या मते तोच त्यांचा खरा चेहरा. चौतीस वर्षं त्यांनी अशीच माणसं पकडली, आणि लोकांनी त्यांचं मूळ नाव विसरून त्यांना दीडकाकू करून टाकलं.

घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्यांचा फोटो स्टुडिओ. राखाडी पडदा, कुरकुरणारं फिरतं स्टूल, भिंतीवर ओळखपत्रांच्या फोटोंचे नमुने. आणि मध्यभागी, काच लावून, शाळेचे बावीस फोटो. दर वर्षी सहाशे मुलं शाळेच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि काकू एका फोटोत सगळी शाळा घ्यायच्या. बाकी पोटापाण्याचं काम. हा फोटो म्हणजे त्यांचा मान होता.

तो फोटो गेली चौदा वर्षं ज्यानं काढला, तो त्यांचा जुना डीएसएलआर कॅमेरा. त्याला घरात "थोरला" म्हणत. मुठीजवळचं रबर सुटलं तेव्हा काकांनी तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला होता. थोरला, त्याची दोन भिंगं आणि पिशवी मिळून जवळजवळ तीन किलो. आणि त्या तीन किलोंनीच घात केला. काकूंचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "या हातानं किलोभराच्या वर काही डोळ्यापर्यंत न्यायचं नाही. नाहीतर पुढं कंगवासुद्धा उचलता येणार नाही."

"स्टँडवर लावून काढ की," काका म्हणाले. काका बस डेपोतले निवृत्त टाइमकीपर.

"सहाशे मुलांच्या फोटोआधी अठरा वर्गांचे अठरा फोटो असतात. दर वेळी स्टँड हलवत बसले तर मुलं पास होऊन जातील!"

मग लेकीनं, जी एका प्रयोगशाळेत कामाला होती, पहिल्या बोनसमधून आईसाठी एक कॅमेरा आणला. भिंग बदलायची सोय नाही, पण तेच एक भिंग साठ पट लांबचं जवळ आणणारं. दुकानदार त्याला ब्रिज कॅमेरा म्हणाला, म्हणजे छोटा आणि मोठा यांच्या मधला.

"म्हणजे ना धड हा, ना धड तो," काकू म्हणाल्या. पण लेकीनं आणलाय म्हणून त्याचं नाव "धाकटा" ठेवलं आणि कपाटात टाकला.

तो तिथंच राहिला असता, पण शाळेतून बोलावणं आलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माणूस चांगल्या, पण स्पष्ट. "काकू, खांद्याचं कळलं. यंदा ड्रोनवाल्याला सांगावं म्हणते. तो वरून काढतो."

"वरून? वरून सहाशे भांग दिसतील, बाई. चेहरे कुठून दिसणार?"

"खरं सांगू? तुमच्या फोटोतही पुढच्या चार रांगा सोडल्या तर चेहरे कुठं दिसतात?"

काकूंना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. आणि लागलं की काकू जे करतात तेच त्यांनी केलं. "यंदाचा मीच काढणार. आणि तो बरा आला नाही, तर स्टुडिओची पाटी मी माझ्या हातानं उतरवीन!"

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, कुणी मागितली होती पाटी?"

कुणीच मागितली नव्हती. पण शब्द गेला तो गेला. शाळेचा फोटो गेला तर मागं फक्त ओळखपत्रांची भिंत उरते, आणि तेवढ्यावर रोज दुकानाचं शटर उघडायची आपल्याला हौस नाही, हे काकूंना स्वतःशी कबूल होतं. हातात आठ दिवस होते.

रविवारी सकाळी गच्चीवर दोन्ही भावांची परीक्षा झाली. लेकीनं स्वयंपाकघरातला काटा वर आणला. थोरला त्यावर ठेवल्याबरोबर काट्यानं मानच टाकली. धाकटा भरला सातशे ग्रॅमच्या आत. "पहिला पेपर धाकट्याला," लेक म्हणाली.

"हलकं असणं हा गुण असता तर मी पिसं विकली असती," काकू म्हणाल्या.

दुसरा पेपर जिन्यात. जिन्यात कायम अंधार. तिथं थोरल्यानं शेजारच्या आजोबांचा फोटो असा काढला की भुवईचा एकेक केस मोजावा आणि मागची भिंत अलगद विरून जावी. धाकट्यानं काढलेल्या फोटोत आजोबांच्या तोंडावर कुणी बारीक वाळू फेकल्यासारखी दिसली. काकूंनी लेकीकडे नुसतं बघितलं.

तिसरा पेपर माणसांच्या घोळक्याचा. इमारतीतली दहा-बारा माणसं गच्चीच्या पायऱ्यांवर बसवली. काकूंनी धाकटा डोळ्याला लावला, "एक" म्हटलं आणि दीडला दाबलं. फोटोत सगळे ताठ. पोटं आत. पुन्हा काढला, पुन्हा पुतळे, आणि दोघांचे डोळे मिटलेले. थोरल्यानं एकदाच काढला आणि सगळी माणसं जिवंत. आता हे काय गौडबंगाल! काकू चिडल्या. "हा कॅमेरा आहे की सरकारी कागद? आज दिला, उद्या निघाला!"

"नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणाले.

"तुम्ही नाचून दाखवा!"

काका नाचले नाहीत. खाली जाऊन त्यांनी आपलं डेपोतलं स्टॉपवॉच आणलं. निवृत्तीनंतर त्यावर ते दूध उतू जायची वेळ लावायचे, आणि तरी दूध उतू जायचं. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. "यात पाच दिसले की दाब." थोरल्याच्या फोटोत आकडा आला पाच आणि वर एक दशांश. धाकट्याच्या फोटोत पाच आणि सहा दशांश. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"अर्धा सेकंद लेट," काका समाधानानं म्हणाले.

"बटण आधी अर्धं दाबून धर, मग पुरं दाब, म्हणजे लवकर निघतो," लेक म्हणाली. तेही करून झालं. पण चौतीस वर्षं एका दमात दाबणारं बोट. दोन हप्त्यांत दाबायचं म्हटलं की चुकायचं.

"ऐक माझं," काका म्हणाले. "लेट गाडी वाईट नसते. किती लेट आहे ते माहीत नसतं, ती गाडी वाईट. ही कायम अर्धा सेकंद लेट आहे ना? मग तू अर्धा सेकंद आधी नीघ."

काकूंना ते पटलं, पण पटलं असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. त्या कठड्याशी गेल्या आणि उगाच धाकट्याचं भिंग लांब करून समोरच्या गच्चीकडे बघू लागल्या. तिथं एकामागे एक अशा चार दोऱ्या होत्या, चारींवर कपडे. नुसत्या डोळ्यांना एवढ्या लांबून सगळेच मोजे चिमुकले दिसत होते. झूम करून बघितलं, तर शेवटच्या दोरीवरचा मोजा पहिल्या दोरीवरच्या मोज्याएवढाच.

"जवळून काढलं की पुढचे मोठे, मागचे बारीक," त्या हळूच म्हणाल्या. "लांबून काढलं की सगळे सारखे. मला हे माहीत होतं गं. लांबची भिंगं जड, म्हणून मी तिकडं गेलेच नाही. आणि लांब उभं राहिलं तर माझं 'एक' मुलांना ऐकूच जायचं नाही."

"मी उंच ना," लेक म्हणाली. "शाळेत कायम शेवटच्या रांगेत. तुझ्या दहा फोटोंत मी मोहरीएवढी आहे, आई."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू किती खूश असायचीस फोटो लावताना."

आपल्या दीडच्या कौतुकापायी आपण बावीस वर्षं आवाजाच्या अंतरावर उभ्या राहिलो, आणि शेवटच्या रांगेला, पोटच्या पोरीलासुद्धा, मोहरी करून ठेवलं. मोठ्या बाई खोटं नव्हत्या बोलल्या.

फोटोच्या दिवशी काकू धाकट्याला घेऊन शाळेत गेल्या. थोरला काकांच्या खांद्यावर होता, "अडीअडचणीला." अठरा वर्गांचे फोटो काकूंनी धाकट्यावर उरकले, प्रत्येक वेळी बोटाला दटावत: आज एकला दाबायचं, दीडला नाही. दोन वर्गांत बोट जुन्या सवयीवर गेलं, ते परत काढले. खांदा दुखला नाही.

मग सगळी शाळा पायऱ्यांवर उभी राहिली. सगळ्यात वर, व्हरांड्याच्या कमानीत, घंटेची मावशी. ही शाळेची शिपाईण. दर वर्षी तिथंच, घंटेच्या दोरीखाली उभी राहायची. काकू मात्र नेहमीच्या जागी थांबल्या नाहीत. चालत चालत मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या नळांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, तिकडून?" मोठ्या बाई लांबून ओरडल्या.

"इकडूनच!"

मोजायला व्यायामाच्या सरांना माइक दिला होता. आता व्यायामाच्या सरांचं "एक" म्हणजे काय असणार! त्यांनी "एऽक" म्हटलं आणि सहाशे मुलांनी टाचा जुळवल्या, छात्या पुढं काढल्या, नजरा समोर. काकूंनी फोटो बघितला. सगळे चेहरे सारखे मोठे, आणि सगळे तुरुंगातले. पुन्हा काढला, तोच प्रकार. मुलं उन्हानं वैतागली, एक रडायला लागलं. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. काकूंना डोळ्यांसमोर पाटी उतरवताना स्वतःचे हात दिसले.

त्यांनी धाकटा पुन्हा डोळ्याला लावला आणि शेवटच्या रांगेकडे बघत राहिल्या. कमानीत मावशी, तिच्या डोक्यावर दोरी. शाळेत तासाला लोखंडी पट्टीवर टोला पडायचा. दोरीची घंटा फक्त घरी जायला.

काकू दुखऱ्या खांद्यानिशी धावत मैदान ओलांडून आल्या. "बाई, शाळा दहा मिनिटं आधी सोडा."

"म्हणजे?"

"मावशींना दोरी ओढू द्या. एकदाच. पोरांना आधी काही सांगू नका."

"आणि घंटा झाल्यावर ही थांबतील का? दुसरा फोटो मिळायचा नाही, काकू."

"दुसरा लागायचा नाही."

त्या परत नळांपाशी गेल्या. श्वास आवरला. डावा हात वर करून खूण केली. मावशीनं दोरी ओढली, पहिला टोला पडला, आणि त्याच टोल्याला काकूंनी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं आपला अर्धा सेकंद घेतला. त्याच अर्ध्या सेकंदात घंटा कानातून सहाशे डोक्यांत शिरली, आणि सहाशे तोंडं उघडली. कॅमेरा वाजला. पुढच्या क्षणी पायऱ्यांवर एक मूल उरलं नव्हतं. व्यायामाचे सर माइकसकट बाजूला फेकले गेले.

कार्यालयात मोठ्या बाईंनी संगणकावर फोटो उघडला आणि आधी सगळ्यात मागच्या रांगेवर गेल्या. तिथली मुलं पुढच्यांएवढीच होती, दात पडलेली, डोळे विस्फारलेली, आनंदानं वेडी झालेली. बाई एकेक चेहरा बघत गेल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. "ड्रोनवाल्याला मी नको म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही घंटा दहा मिनिटं आधी."

काकू गालातल्या गालात हसल्या. काकांकडे बघून मान उडवली, पाटी राहिली या अर्थी.

तेवढ्यात मावशी किल्ल्या ठेवायला आत आली आणि पडद्याकडे बघून थबकली. "ही दोरी धरून कोण हसतंय?"

"तुम्हीच की," मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशी जवळ आली. "मी अशी हसते होय? बावीस फोटोंत उभी राहिले मी. घरी दाखवायची तर बोट ठेवून सांगायची, हा ठिपका आहे ना, ती मी."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. जिंकल्याचा आनंद होता, तो खोटा नव्हता, पण त्याच्या शेजारी लाजही येऊन बसली. त्यांनी मावशीचा हात धरला आणि तिला व्हरांड्यातल्या अंधाऱ्या बाकावर बसवलं. "इथं धाकट्याचं काम नाही," त्या म्हणाल्या. "थोरला काढा हो."

काकांनी थोरला काढून दिला. काकूंनी तो डोळ्याशी नेला, आणि काकांनी न सांगता खालून तळवा लावून सगळा भार आपल्या हातावर घेतला. मावशी ताठ झाली, हात मांडीवर जुळवले.

"एक," काकू म्हणाल्या, आणि दीडला थोरला वाजला.

"अहो, दोन राहिलं की!" मावशी हसून म्हणाली.

"माझ्याकडून तुमची बावीस वर्षं राहिलीत, मावशी," काकू म्हणाल्या. "एका दोनचं काय घेऊन बसलात!"