मधल्या वयाच्या मॅडम

मुलांनो, मानवतला एक साठीतले काका बसमधून उतरले आणि तिघांच्या बाकावर मला जागा मिळाली. खिडकीशी कॉलेजची मुलगी होती, संख्याशास्त्राचं पुस्तक छातीशी घट्ट धरून. मधे तिच्या मॅडम. परभणीला त्या विषयाची फेरपरीक्षा होती. या वेळी नापास झाली तर वडील तिचं कॉलेज बंद करणार होते.

मॅडम समजावून काहीच सांगत नव्हत्या. एक बोट वर करून लहानसा प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत बोट तसंच ठेवायच्या. उत्तर जमलं की लगेच "बरोबर", आणि पुढचा प्रश्न.

मॅडमनी माझं वय विचारून घेतलं. मी ऐंशी सांगितलं.

"काका गेले, आजी आल्या. बाकावरच्या वयांचं काय झालं?"

"सरासरी लय वाढली," मुलगी माझ्याकडे बघून हसली. "मध्यक पण वाढला."

मॅडम रागावल्या नाहीत. "काका होते तेव्हा तिघांत मधल्या वयाचं कोण?"

"तुमी."

"आता?"

"तुमीच की. म्हंजे मध्यक हलला न्हाई."

"बरोबर."

मी विचारलं, "ती चुकली तर राग येत नाही?"

"ती चुकली म्हणजे माझा प्रश्न मोठा झाला, आजी. तो बारीक करायचा."

परभणी आली तेव्हा मुलीनंच बोट वर केलं. "मॅडम, आजीच्या जागी शंभर वर्षांची म्हातारी बसली तर?" आणि स्वतःच म्हणाली, "सरासरी वाढंल. मधी तुमीच."

तिचा निकाल मला कळणार नाही. पण ती उतरली तेव्हा पुस्तक पिशवीत होतं आणि दोन्ही हात मोकळे होते.