लॉगमध्ये नसलेलं काम

ऑक्टोबरात हायत्सुंग, म्हणजे खोली गरम करणारं हीटिंग, पहिल्यांदा सुरू झालं की त्यावर साचलेली धूळ तापल्याचा वास खोलीभर पसरतो आणि मला कार्ल्सरूहेतल्या आमच्या संस्थेतली ती सकाळ आठवते. सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारी सगळी कामं माझ्या शेजारी बसणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एका जर्मन सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकेक करून लावलेली होती. त्या दिवशी हायत्सुंग नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यांना एका कामाची वेळ बदलायची होती. कामांची यादी बदलायला 'ई' दाबतात आणि पुसायला त्याच्या शेजारचं 'आर'. बोट चुकलं आणि काही न विचारता अख्खी यादी पुसली गेली. बॅकअप नव्हता. "आल्झो...", म्हणजे 'तर मग...', असं पुटपुटत त्यांनी पुढ्यातली कॉफी बाजूला सारली आणि लॉग उघडला. कुठलं काम कधी चाललं याची सर्व्हरने आपोआप केलेली नोंद त्या लॉगमध्ये होती, त्यावरून आम्ही एकेक ओळ पुन्हा एका फाइलमध्ये लिहिली, तिची कॉपी ठेवली आणि मगच ती सर्व्हरवर चढवली. "यापुढे आधी फाइलच बदलायची, थेट यादीला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, पण चेहरा उतरलेलाच. "लॉग महिन्याभराचाच आहे. वर्षातून एकदाच चालणारं काही असेल तर?" "तुम्हीच लावलंय ना सगळं, आठवा की!" त्यांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं, आणि हळूच म्हणाले, "एक होतं. कसलं, ते आठवत नाही." पुढे ते निवृत्त झाले. अजूनही तो वास आला की वाटतं, आज काहीतरी चालायचं होतं, आणि ते चाललं नाही हे कळणारंही आता संस्थेत कुणी नाही.