गुलाबी सोफ्यांसमोरची निळी भिंत

"अगं, पण त्यांनी गुलाबी पाहिला होता!"

"कच्चा पाहिला होता, कच्चा! कच्ची वीट राखाडी होती, भाजल्यावर लाल का झाली, म्हणून कोणी वीटभट्टीवाल्याच्या अंगावर धावून जातं का?"

"ताई, हळू. मालक बाहेर तलावापाशी उभे आहेत."

"उभे राहू देत. तू जे सांगितलं नाहीस ते निदान माझ्या ओरडण्यातून तरी कळेल त्यांना."

धाकट्या भावाने घाईघाईने काचेचं दार ओढून घेतलं. रिसॉर्टच्या त्या स्वागतकक्षात आता दोघंच उरली: पाठच्या भिंतीवर ताईचं म्युरल, आणि समोर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे. गुलाबी. पडदे गुलाबी, उशा गुलाबी, तलावाकाठच्या छत्र्यासुद्धा गुलाबी. आणि या सगळ्या गुलाबी संसारात भिंतभर पसरलेला गडद निळा समुद्र. त्यात वळणारा माशांचा थवा, आणि थव्यातून वर झेपावणारी एक पोहणारी बाई.

भिंत देखणी होती. ताईलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर जीव जास्तच जळत होता.

धाकटा जन्मला त्या दिवसापासून घरात सगळे तिला ताई म्हणू लागले, आईवडीलसुद्धा. ताईपणाची कामंही त्याच दिवशी अंगावर येऊन पडली. वडिलांची कौलांची भट्टी होती. धुराने धाकट्याचे डोळे चुरचुरायचे, म्हणून त्याच्या हाती कागद आणि रंग आले. ताईचे डोळे कोणी विचारलेच नाहीत, म्हणून तिच्या हाती माती आली. पुढे तो चित्रकार झाला. ही कुंड्या करत राहिली, लोकांच्या दारावरच्या पाट्या करत राहिली, न्हाणीघरातल्या टाइल्सवर बदकं काढत राहिली. "या गावातली सगळी बदकं माझीच लेकरं," असं ती हसून सांगायची. नवरा म्हणायचा, "घरात तुझ्यापेक्षा तुझ्या मातीचाच वावर जास्त." त्यावरही हसायची. पण एक अख्खी भिंत करायची, हे तिने मनात धरून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

या रिसॉर्टचं काम धाकट्याने आणलं. खोल्यांतली चित्रं त्याची, ही भिंत तिची. ओल्या मातीचा भिंतीएवढा थर तिने जमिनीवर पसरला, त्यात समुद्र कोरला, मग सुरीने त्याचे वाकडेतिकडे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या पाठीवर आकडा ओरखडला. सुकवले, एकदा भाजले, वर निळ्याचं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, चढवलं. आता निळ्याची गंमत अशी, की भट्टीत जाईपर्यंत तो निळा दिसतच नाही. जांभळट गुलाबी दिसतो, एखाद्या लाजऱ्या पोरीच्या गालासारखा.

आणि नेमके तेव्हाच मालक ताईच्या कारखान्यात आले.

"वा! सूर्योदयाचा समुद्र!" फळ्यांवर मांडलेले तुकडे बघून ते म्हणाले.

"भट्टीतून आला की तो—" ताईने तोंड उघडलं, तोच धाकट्याने तिच्या पायावर पाय दिला.

"खास आपल्यासाठीच," तो म्हणाला.

मालक गेल्यावर ताईने त्याला धारेवर धरलं. "मी सांगतो गं, वेळ बघून सांगतो," असं त्याने तेव्हा कबूल केलं होतं. ती वेळ काही उगवली नाही. उलट मालकांच्या गुलाबीशी जुळवून याने खोल्यांतली सगळी चित्रंही गुलाबी रंगवली: गुलाबी डोंगर, गुलाबी बगळे, एका खोलीत तर गुलाबी बैल.

"बैल!" ताईला आत्ता पुन्हा आठवलं. "बैल रंगवताना तरी माझी आठवण झाली नाही तुला?"

"झाली की. म्हटलं, भिंत बघतील, खूश होतील, विसरतील."

"हो, आणि सोफे आपोआप निळे होतील."

धाकटा कानकोंडा झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी तोडगा काढलाय. तोडायची नाही म्हणतात. वरून गुलाबी तैलरंगाचा एक हात. पातळ. मी स्वतः मारीन, ताई. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

ताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काचेवर रंग मारणार तू? तो धरेल? पापुद्रे निघतील त्याचे, भाजलेल्या कातडीसारखे."

"तोवर उद्घाटन होऊन जाईल."

"आणि मग? मग लोक म्हणतील, कोण ती गचाळ बाई, जिच्या भिंतीचे पोपडे निघतात!"

"मग काय करू मी? नाही म्हणू? नव्या इमारतीतल्या खोल्यांची चित्रं मलाच द्यायचं म्हणतायत ते. माझ्या तोंडून 'नाही' गेलं की ते संपलं."

"म्हणजे तुझ्या बगळ्यांसाठी माझा समुद्र पुरायचा."

"असं नको ना बोलूस." त्याने तिचा हात धरला. लहानपणी काच फोडली की धरायचा, तसाच. "एक काम कर. तूच सांग त्यांना. सांग, की रंग लावू देणार नाही. तुझी भिंत आहे, तुला शोभतं ते. तू म्हणालीस तर मी ब्रशला हात लावणार नाही, तुझी शपथ."

"आणि तू काय करशील?"

"मी तुझ्या पाठीशी उभा राहीन."

"पाठीशी की पाठीमागे?"

त्याने तिचा हात सोडला. ताई त्याच्याकडे बघत राहिली. 'हो' म्हणून मिरवायचं ते याने, आणि 'नाही' म्हणून वाईट व्हायचं ते हिने. शेजाऱ्याने उसनी सायकल मागितली की हीच, वडिलांची औषधं द्यायला टाळाटाळ करणाऱ्या वैद्याशी भांडायचं तर हीच. आता रंग लावू दिला तर भिंत जाणार; लावू दिला नाही तर भावाच्या पोटावर पाय आणणारी बहीण म्हणून जन्मभर ऐकायचं. आणि हा मात्र दोन्हीकडून स्वच्छ.

दार सरकलं. मालक आत आले, हातात गुलाबी कापडाचा नमुना.

"काय, ठरलं का बहीणभावाचं?"

"ताई सांगतेय," धाकटा लगेच म्हणाला आणि अर्धं पाऊल मागे सरकला.

"बोला ताई. लावायचा ना रंग?"

ताईने भिंतीकडे पाहिलं. पोहणाऱ्या बाईच्या टाचेवर सिमेंटचा एक थेंब वाळला होता. तिने तो नखाने खरवडून काढला, बोट साडीला पुसलं, पिशवी खांद्याला लावली.

"ताई?" धाकट्याचा आवाज चिरकला. "अगं, काहीतरी बोल ना! हो की नाही?"

"अहो, मी काय समजायचं?" मालक म्हणाले.

सोफ्यांच्या रांगेतून, दोघांच्या मधून, ताई दाराबाहेर निघून गेली.