आठ हात दोरी

आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने उतारवयात स्वतः लिहायला बसावे, हे धाडसच. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ट्यूब कानाशी धरून डोळे मिटून बसणारा तो माणूस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तुमच्या साक्षीच्या भरवशावर लिहितो आहे.

लातूरला आमच्या शिकवणीवर्गाच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचे पंक्चरचे दुकान होते. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. विद्यार्थ्यांच्या सायकली दारात ताटकळत. चाचा मात्र ट्यूब पाण्यात बुडवण्याआधी कानाशी नेत. "बुडबुडे मागून येत्यात, सर. आधी ती कानात सांगती."

शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद. मग ट्रकची फुगवलेली ट्यूब खांद्यावर घेऊन ते शहराबाहेरच्या तलावावर मासे धरायला जात. कधी कधी मीही सोबत जाऊन काठावर बसे. मधल्या पोकळीत त्यांनी बाजेच्या नवारीची बैठक विणली होती. मांडीला टोचू नये म्हणून व्हॉल्व्हवर जुन्या चपलेच्या रबराची टोपी, गळ आणि कणकेच्या गोळ्या ठेवायला रेक्झिनचा खिसा. पायांत टायरचे पंखे शिवलेल्या चपला. त्या पायांनी पाणी रेटत ते तलावाच्या मध्याकडे उलटे सरकत; तोंड सतत काठाकडे, म्हणजे माझ्याकडे.

चाचा मूळचे तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचे. गळाची दोरी ताणली की माशाला तेलुगूत ‘ये, ये’ अशी हाक मारत, "रा, रा."

"माशांना मराठी येत नाही का, चाचा?" मी काठावरून विचारी.

"येतं की! पण लातूरचे मासे हायत, सर. मराठीत बोलावलं की टेस्ट हाय समजून पळत्यात."

मासे तर काठावरूनही धरता येतात, असे मी एकदा म्हणालो. त्यांचे हसू थांबले. भूकंपात त्यांची धाकटी बहीण घरासकट गेली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"जमीन न सांगता हलली, सर. पाणी हलतंय ते दिसतं तरी. हप्त्यातून एकदा त्याच्यावर बसलं की जिवाला बरं वाटतं."

तरंगण्याचा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर सिद्ध करून दाखवला होता. स्वतः मात्र कधी तरंगलो नव्हतो. हे चाचांनी कसे ओळखले कोण जाणे. एके दिवशी ते नवी ट्यूब घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले.

"तुमच्या मापाची केली. नवार दुहेरी घातलीय, भिऊ नका."

तिला आठ हात नायलॉनची दोरी बांधलेली होती. "ह्ये दुसरं टोक माझ्या ट्यूबला. तुम्ही फकस्त बसायचं."

त्या शुक्रवारी मी गुडघाभर पाण्यात उतरलोही. तेवढ्यात काठावरून हसण्याचा आवाज आला. माझ्याच वर्गातली चार मुले होती. ती मला हसत होती की आपसांत, हे आजही सांगता येणार नाही. पेपर तपासायचे राहिले, असे काहीतरी पुटपुटत मी बाहेर आलो.

चाचा पाण्यातूनच म्हणाले, "लाज लई जड असती, सर. तिला काठावर ठिवून यायचं. जाऊ द्या, पुढच्या शुक्रवारी."

पुढे सराव परीक्षा आल्या, नव्या तुकड्या आल्या, गल्लीतल्या इमारतींवर मजले चढले. दर शुक्रवारी चाचा दुकानाच्या फळ्या लावताना विचारत, "येता का?" मी म्हणे, "पुढच्या." ते कधी रागावले नाहीत. रागावले असते, तर कदाचित मी गेलो असतो.

एका मंगळवारी दुकान उघडले नाही. छातीत कळ आली आणि संपले. आठवड्याने त्यांची मुलगी माझी ट्यूब घेऊन आली.

"अब्बांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. सरांची हाय म्हणायचे."

निवृत्तीनंतर मी नांदेडला आलो. साठी उलटल्यावर लहान मुलांच्या रांगेत उभा राहून पोहायला शिकलो. मुले हसली; मीही हसलो. लाज काठावर ठेवता येते, हे खरे निघाले.

आता शुक्रवारही माझाच आहे. ट्यूबमध्ये हवा भरून झाली, कानाशी धरून पाहिली. कुठे काही सांगत नाही. बैठक अजून अचूक मापाची आहे. दोरीचे एक टोक त्यांनी मारलेल्या गाठीने ट्यूबला पक्के आहे.

दुसरे टोक मी आता कशाला बांधू?