बैलाच्या पाठीवरचं ताट

माझा भाऊ बरा होऊन घरी आला आणि गावानं त्याला नव्यानं आजारी करायला घेतलं.

अकोल्यात तो गॅरेजवर कामाला होता. तिथल्या यारांच्या नादी लागून आधी नशेच्या गोळ्या, मग सुई. सगळ्यांत मिळून एकच सुई फिरायची. त्या सुईतून हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून होणारी कावीळ, अंगात शिरला, लिव्हर सुजलं, तेव्हा कुठं मला कळलं. मी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग त्याला धरून रडले, मग सरकारी दवाखान्यात नेलं. व्यसनमुक्ती केंद्र झालं, तीन महिने गोळ्या झाल्या. शेवटच्या तपासणीत रक्तात विषाणू सापडला नाही. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "तू बरा झालास. पण पुन्हा दुसऱ्याची सुई घेतलीस तर पुन्हा होईल. याला लस नाही." मी त्याला दर्यापूरजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. आईबाप नाहीत. घरात मी एकटी, दर्यापूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते, आणि भिंतीला भिंत लावून काका-काकू.

आता आमच्याकडे कावीळ म्हणजे कावीळ. पाण्यातून होते ती वेगळी, रक्तातून होते ती वेगळी, हे ऐकून कोण घेतं! काकू त्याला चहा कागदी कपात द्यायला लागल्या. न्हावी म्हणे, उद्या ये. पारावर तो बसला की बाकीच्यांना कामं आठवत. न्हाव्याचं मी एक वेळ समजू शकते. ब्लेड प्रत्येकाला नवंच पाहिजे, मग तो माझा भाऊ असो की सरपंच. पण चहा? एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं हा रोग होत नाही, हे काकूंना सांगून सांगून माझा घसा बसला. "असीन बापा," म्हणायच्या, आणि पुन्हा कागदी कप.

एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, पोळा झाला का मी अकोल्याले चाललो."

"काहून?"

"इथं सारे मले भेतात. तिथं यार तरी आहेत."

त्याचे यार म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. तो तिकडं गेला की महिनाभरात सुई त्याच्या हातात असणार. तो इथं टिकायचा असेल तर लोकांनी त्याला जवळ बसू द्यायला हवं होतं, एवढाच उपाय. आणि लोकांना सांगायला मला तरी काय येतं? चित्र.

मी मोठं पोस्टर काढलं. काळीकुट्ट पाटी, वर कवटी, खाली ही एवढी सुई आणि वाळलेला हात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. दोन दिवसांत त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढला. माझं डोकंच फिरलं. तो बॅनर फाडायला निघाले, तर भाऊच आडवा आला.

"राहू दे. बरं झालं झाकलं गेलं."

"काय बोलून राहिला तू?"

"तुले त्यात कवटी दिसते, मले सुई दिसते. ते पाहून मले भेव नाही वाटत ताई. तल्लफ येते."

मी परत ओट्यावर येऊन बसले. इतकी वर्षं पोरांकडून व्यसनमुक्तीची चित्रं काढून घेते मी. दरवर्षी कवट्या, दरवर्षी सुया, आणि पहिला नंबर त्यातल्या सगळ्यात भयानक चित्राला. जो कधी सुईजवळ जाणार नाही तो ते पाहून घाबरतो, आणि जो कसाबसा सुटला त्याच्यासमोर आपण सुईच नेऊन ठेवतो. हे मला कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

"मंग काय काढू? तूच सांग."

"कशानं होते ते नको काढू. कशानं नाही होत ते काढ," तो म्हणाला. "अन् भिंतीवर नको. काकाच्या बैलावर काढ. पोळ्यात बैल सारं गाव पायते."

आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या अंगावर लिहायची रीतच आहे. कोणी कापसाचा भाव लिहितो, कोणी सरकारला शिव्या. काकांचा पांढरा बैल मीच दरवर्षी रंगवते. ऑइलपेंट मी लावू देत नाही, जनावराची कातडी जळते. गेरू कालवला. ब्रश टेकला की बैल अंग थरथरवतो आणि आपली रेघ जाते भलतीकडं. भाऊ त्याच्या मानेखाली खाजवत उभा राहिला, म्हणून निभावलं. एक मोठं ताट काढलं, त्यात दोन माणसांचे दोन हात. खाली लिहिलं: 'ताट दोघांचं चालते, सुई दोघांची चालत नाही.' ताट जरासं अंडाकृतीच झालं. बैलाचं पोटही तसंच, काय करता!

पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचा खणखणीत टोमणा, आणि शेवटी सगळ्या गावानं महादेवाचा गजर करायचा. आम्ही दोघांनी मिळून एक झडती जुळवली. काका ती म्हणतो म्हणाले होते. काकांचा आवाज गावात नामी.

पण ऐन वेळी काका फिरले. त्यांनी सोयाबीनवर एक झडती म्हटली, रस्त्यातल्या खड्ड्यांवर एक म्हटली, आणि मग खाली मान घालून उभे. मी बायांच्या घोळक्यातून खुणा करून करून थकले. काका बघेनात. माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात बैलाचा कासरा धरून उभा असलेला माझा भाऊच ओरडला:

"अकोल्याहून आला गडी, रक्त झालं साफ,
गाव म्हणते दूर बस, सांगा कोणतं पाप?
ताट चालते दोघांत, चहा चालते बशीत,
सुई-ब्लेड उसनी घेतली, त रोग येते कुशीत!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळं गाव गरजलं. गजर तोंडातून आपोआपच निघतो, विचार मागून येतो. आपण कशाला हो म्हटलं हे कळल्यावर जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. न्हावी तर तोंड उघडं ठेवूनच उभा होता. मग कोणीतरी तोरण तोडलं, पोळा फुटला आणि बैल धावत सुटले.

मला वाटलं, झालं! आता हा उद्याच पिशवी भरतो. चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगून बसला.

संध्याकाळी तो आणि काका बैल घेऊन काकूंच्या दारात आले. मी ओट्यावरच होते. काकूंनी बैलाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. बैल धरणाऱ्यालाही कुंकू लावतात. काकू ताट घेऊन भावासमोर थांबल्या, आणि मी मनात म्हटलं, आता जर हिनं हात आखडला तर मी काही ऐकून घेणार नाही. काकूंनी ताट खाली ठेवलं. त्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"तो तपास अमरावतीले होते का रे?"

"होते. कोणाचा करायचा हाये, काकू?"

काकूंचा मुलगा अमरावतीत खोली करून राहतो. यंदा पोळ्याला आला नव्हता.

"त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचे ठिपके पायले म्या," काकू म्हणाल्या. "तुले पाह्यलं का मले तोच दिसे. म्हून तुले दूर ठेवलं रे बापा. तुह्या काकाले मीच म्हटलं, ते झडती म्हणू नका, लोक आपल्या घराकडं पायतीन." आणि त्या हमसून रडायला लागल्या. काका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मला काकूंचा इतका राग होता, आणि आता तो ठेवू कुठं?

"उद्या सकाळीच जातो मी त्याच्याकडं," भाऊ म्हणाला.

चुलतभावाच्या रक्तात तेच निघालं. गोळ्या चालू झाल्या. तो डॉक्टरशी बोलेना, काकांशी बोलेना, फक्त माझ्या भावाशी बोले, म्हणून भाऊ त्याच्याच खोलीवर राहिला. खरं सांगते, माझी झोप उडाली. सुईची चटक लागलेले दोघं, एक खोली. कोण कोणाला ओढेल, देव जाणे.

एका दुपारी शाळेत फोन आला. भावाला धाप लागली होती.

"ताई, आज दोघालेही लय तल्लफ आली. माल देणारा खालीच उभा होता. आमी मागच्या दारानं निघालो अन् दर्यापूरच्या रस्त्यानं चालतच सुटलो. वलगावच्या स्टँडवर आहो."

"आता कुठं जाता?"

"त्या खोलीवर नाही जात ताई. घरी ने आमाले."

मी अर्धी रजा टाकली आणि काकूंना फोन केला. "थांब, मी बी येतो," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी दर्यापूरच्या चौकातून वलगावच्या जीपमध्ये बसलो.